भिंत उघडी राहू द्या

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४३ फुटांची. शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात कमरेइतकं पाणी शिरलं. १२ ऑगस्टची बकरी ईद पाहुण्यांच्या घरी झाली.

परत आलो, चिखल काढला. भिंतीवर पाण्याची रेघ तेवढी राहिली. महिन्याभरात पुतणीला बघायला माणसं येणार होती. ओळखीचे मिस्त्रीचाचा भिंतीला हात लावून म्हणाले, "सर, हिनं लई पाणी पिलंय. उन्हाळ्यापर्यंत उघडी ठेवा." मला ते कामचुकारपणाचं वाटलं. दुसरा गवंडी आणून सिमेंटचा गिलावा, वर पुट्टी, वर चकचकीत रंग. सोयरीक जमली, पण पुढच्या उन्हाळ्यात पोपडे सुटले, पांढरा लोणा फुटला. अम्मीचा पलंग त्याच भिंतीला होता. तिचा खोकला थांबेना तेव्हा पलंग हलवला.

वीट पाणी शोषते आणि सोबत क्षारही. पाणी वाळताना क्षार पृष्ठभागावर येतात, तोच लोणा. घट्ट सिमेंट आणि तेलकट रंगानं वाट बंद केली, की ओल आतच राहते आणि गिलाव्याच्या वरच्या कडेला फुटते. टाइल्स लावणारेही हेच करतात, फक्त त्यांचं उशिरा दिसतं.

जुलै २०२१ ला पुन्हा पूर. या वेळी चाचांचं ऐकलं. रेघेच्या वर हातभर गिलावा काढला, सांधे खरवडले, लोणा कोरड्या ब्रशनं झाडला. धुवायचा नाही, धुतला तर विरघळून परत आत जातो. फुटभर प्लास्टिक भिंतीला चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवायचं. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून थांबायचं. आम्ही फेब्रुवारीपर्यंत थांबलो. मग चुना-वाळूचा गिलावा, वर साधा चुना. त्याला लोक हसले.

थांबणं मला परवडलं, कारण पगार चालू होता आणि दुसरी खोली होती. एका खोलीत राहणारी विधवा काय करेल? पूर आला की आपल्याकडून रेशन, चादरी, भांडी भराभर जातात, आणि जायलाच हवीत. पण गिलाव्याची वेळ सहा महिन्यांनी येते, तेव्हा विचारायला कोणी नसतं. हातात पैसे असतात तेवढ्यात, म्हणजे सप्टेंबरातच, ती ओल्या भिंतीवर सिमेंट मारून घेते. मशिदीच्या कमिट्यांनी, तालमींनी, मंडळांनी जमलेल्या रकमेतला थोडा हिस्सा जानेवारीसाठी बाजूला ठेवावा आणि गवंड्याची मजुरी तेव्हा द्यावी, असं माझं म्हणणं आहे. फोटो येणार नाही त्याचा, हे खरं.

आणि मुलगी बघायला जाणाऱ्यांनी पुराच्या साली भिंतीकडे बघू नये. मी स्वतः बघितलंय, म्हणून सांगतो.