पेराएवढे सैनिक आणि इब्राहीमखान गारदी

टेबलावर इतिहासातल्या लढाया खेळण्याचा छंद अनेक देशांत आहे. त्यासाठीचे सैनिक साधारण ६, १५ किंवा २८ मिलिमीटर उंचीचे असतात. ते चांगले की वाईट, हे कसे ठरवायचे? बरेच जण नाक-डोळे किती रेखीव आहेत ते बघतात. पण ६ मिलिमीटरच्या सैनिकाला चेहरा जवळपास नसतोच. हातभर अंतरावरून दिसते ते पागोटे, हत्यार आणि उभे राहण्याची ढब. माझ्या मते पारख तिथेच करावी.

१७६१ चे पानिपत घ्या. मराठ्यांकडून लढणाऱ्या इब्राहीमखान गारदीचे पायदळ कवायती होते, बंदुका घेऊन रांगेत लढणारे. तो सैनिक भालाईतासारखा मोकाट धावताना ओतला असेल, तर ओतकाम कितीही सुबक असो, तो गारदी नव्हे.

रंगाचेही तेच. एका फौजेला सरसकट भगवा आणि दुसरीला सरसकट हिरवा फासला की खेळ सोपा होतो, पण इतिहास खोटा होतो. मराठ्यांसाठी लढून पकडला गेलेला आणि मारला गेलेला इब्राहीमखान मुसलमान होता. अब्दालीच्या बाजूला, शुजाउद्दौल्याच्या फौजेत, अनूपगिरी गोसावी आपल्या माणसांसह लढत होता. या दोघांना ज्या संचात जागा नाही, तो मी तरी विकत घेणार नाही. मुलांच्या हाती इतिहासाच्या पुस्तकाआधी खेळणे येते. तेच खोटे असेल तर पुढे पुस्तकाने किती दुरुस्त करायचे?