फी वकिलाची, घोर घरच्यांना

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वडीलधारे सांगत आले. अमेरिकेत नोकरीला गेलेल्या मुलामुलींना कोर्टाची पायरी सहसा चढावी लागत नाही. वकिलाची मात्र चढावीच लागते. एच-वन-बी व्हिसा, त्याची मुदतवाढ, मग ग्रीन कार्ड. भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षांची, आणि तेवढी वर्षे वकिलाची सोबत. इतक्या लांबच्या सोबतीत पैशांवरून खटके उडायचेच. कोथरूडला किंवा ठाण्याला बसलेल्या आईवडिलांच्या कानावर येते ते एवढेच : "वकील आणखी पैसे मागतोय!"

असे वकील बहुधा ठोक फी घेतात. पण त्या ठोकात काय काय आले? सरकारने आणखी पुरावा मागितला तर त्या उत्तराचे पैसे वेगळे की त्यातच? भांडण इथे जुंपते. अर्ज फेटाळला गेला एवढ्यावरून फी परत मिळत नाही. (निकालाची हमी देणाऱ्या वकिलापासून तर चार हात लांबच राहावे.) मात्र न केलेल्या कामाचे आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागतात. कोणत्याही परिस्थितीत परत न करण्याच्या अटीवर घेतलेली आगाऊ फी न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच गैर ठरवली.

खरी मेख वेगळीच आहे. वकील नेमते कंपनी, आणि मुलगा त्याला 'माझा वकील' म्हणतो! ग्रीन कार्डच्या पहिल्या पायरीला कामगार खात्याचा दाखला लागतो. त्यासाठीच्या मालकाच्या वकिलाची फी मालकानेच सोसायची, ती पगारातून कापायची नाही, नोकरी सोडताना वसूलही करायची नाही, असा नियम जुलै २००७ पासून आहे. तरीही कुणी हे पैसे मागत असेल, तर आम्ही त्याला लुबाडणूकच म्हणू. पुढच्या टप्प्यांचा खर्च कर्मचाऱ्याच्या माथी येऊ शकतो, ही गोष्ट निराळी.

मग मुले गप्प का बसतात? नोकरी गेली तर एच-वन-बीवाल्याला नवी वाट शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि खात्याची पत्रे जातात वकिलाच्या पत्त्यावर. अशा वेळी त्याच्याशी वाकडे कोण घेणार? वास्तविक इमिग्रेशन खात्यापुढच्या अर्जात अशिलाला दुसरा वकील नेमता येतो, त्याला पहिल्याची परवानगी लागत नाही. कॅलिफोर्नियात तर फी थकली म्हणून वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही. तिथे अशिलाने फीच्या वादात लवाद मागितला, तर वकिलाला नाही म्हणता येत नाही. न्यूयॉर्कमध्येही एक हजार ते पन्नास हजार डॉलरच्या वादांसाठी तशी सोय आहे. लवादाची ही वाट कोर्टापेक्षा स्वस्त; पण ती आहे हेच अनेकांच्या गावी नसते.

लवादापुढे पहिला प्रश्न येतो तो कागदाचा. एकूण खर्च हजार डॉलरच्या वर जाणार असेल, तर कॅलिफोर्नियात लेखी करार सहसा बंधनकारकच आहे. आपली मुले घरभाड्याचा करार तीनदा वाचतात आणि इथे ईमेलवर 'ओके' लिहून मोकळी होतात! दिवाळीला लेक घरी आली, की फराळाच्या ताटाशी सहज विचारून बघा : वकील कुणाचा, कंपनीचा की तुझा? आणि कराराची प्रत तुझ्याकडे आहे ना?