जोडे कोणाचे?

व्हॅन गॉगने 1886 मध्ये पॅरिसमध्ये रंगवलेल्या जुन्या जोड्यांच्या चित्रावरून तत्त्वज्ञान आणि कलेतिहास यांच्यात जो वाद झाला, त्याचा निकाल फार स्वस्तात लावला जातो. हायडेगरने ते जोडे शेतकरी स्त्रीला बहाल केले, मायर शपिरोने ते चित्रकाराला परत मिळवून दिले आणि दोघेही मालकाच्या शोधाने पछाडलेले होते हे देरिदाने 1978 मध्ये दाखवले. तेव्हा दोघांचीही चूक सारखीच, असे म्हणून अभ्यासक मोकळे होतात. आमचा आक्षेप या 'सारखीच'ला आहे.

व्हॅन गॉगने जोडे अनेकदा रंगवले आहेत. त्यांतले कोणते चित्र आपल्याला अभिप्रेत आहे, असे शपिरोने हायडेगरला पत्राने विचारले. 1930 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पाहिलेले, असे उत्तर आले. त्यावरून शपिरोने चित्र निश्चित केले आणि 1968 च्या निबंधात प्रतिपादन केले की हे जोडे, त्या काळी शहरवासी झालेल्या, खुद्द चित्रकाराचे आहेत. हे विधान पुराव्याने खोडून काढता येते, आणि त्याचे मोल यातच आहे. हायडेगरने वर्णिलेले शेतकरी स्त्रीचे कष्ट व तिचे भूमीशी असलेले नाते झिजलेल्या जोड्यांच्या कोणत्याही चित्राला लागू करता येईल. या चित्राविषयी ते काय सांगते?

अर्थात, शपिरोची पद्धत मान्य करणे म्हणजे त्याचा निष्कर्ष मान्य करणे नव्हे. जोडे चित्रकाराचे, म्हणून ते त्याच्या 'स्व'चाच अंश, या झेपेला तो गोगँच्या आठवणीचा आधार घेतो. ती आठवण मात्र 1888 मधील आर्ल येथील सहवासाची, म्हणजे प्रस्तुत चित्रानंतर दोन वर्षांची आहे. शिवाय सहाध्यायी गोझी सांगतो की व्हॅन गॉगने जुन्या बाजारातून वापरलेले जोडे विकत घेतले, ते घालून पावसाचिखलातून भटकंती केली आणि मग ते रंगवायला घेतले. गोझीने पाहिलेले चित्र हेच असेल, तर जोड्यांची झीज बरीचशी परक्या पायांची आणि चिखल चित्रासाठी मुद्दाम मिळवलेला ठरतो. मग 'आत्मचरित्राचा तुकडा' हा अर्थ डळमळतो.

परंतु शपिरोचा हा प्रतिवाद शक्य होतो तो त्यानेच विचारलेल्या प्रश्नामुळे: कोणते चित्र, केव्हाचे, कशावरून? हायडेगरच्या विवेचनाला असा प्रश्न विचारताच ते भलत्याच पातळीवर निसटते. चुकू शकणारा अन्वयार्थ आणि चुकण्याची सोयच न ठेवणारा अन्वयार्थ यांना एका मापाने मोजणे ही सैद्धांतिक सूक्ष्मता नव्हे. तो अभ्यासाचा आळस आहे.