बोगद्यांतून निघणाऱ्या दगडाचा विनियोग

घाटांतून रस्ते, आगगाड्या व पाणी नेण्यासाठीं अलीकडे जे बोगदे खोदले जात आहेत, त्यांची लांबी व त्यांचा खर्च यांची चर्चा वृत्तपत्रांतून पुष्कळ होते. परंतु डोंगराच्या पोटांतून जो दगड बाहेर पडतो त्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तो विचारण्याचा अधिकार शेतकऱ्यास विशेष आहे. कारण तो ढीग बहुधा त्याच्याच बांधाशीं येऊन पडतो.

प्रथम हिशोब पाहूं. बोगद्याचा छेद १०० चौरस मीटर धरला तर प्रत्येक मीटर लांबीस १०० घनमीटर, म्हणजे आपल्या मापानें सुमारें ३५ ब्रास अखंड खडक निघतो. फोडलेला दगड सैल पडतो व दीडपट जागा व्यापतो; तेव्हां ढिगांत तो ५० ब्रासांच्या वर भरतो. एक किलोमीटर बोगद्याचे हे ५० हजार ब्रास झाले. ते दहा फूट उंचीनें रचूं म्हटलें तरी साडेअकरा एकर जमीन त्यांखालीं जाते. इगतपुरीजवळील समृद्धि महामार्गाचा बोगदा २०२५ सालीं वाहतुकीस खुला झाला. त्याची लांबी सुमारें ८ किलोमीटर असून त्याच्या नळ्या दोन आहेत. बाकीचा गुणाकार वाचकांनीं करावा.

आतां यांतील विपरीतपणा असा कीं, त्याच कामास लागणारी खडी पुष्कळदां दुसऱ्या खाणींतून व वाळू नदींतून येते. एका डोंगराचें पोट फोडून दगड टाकून द्यावयाचा, आणि दुसऱ्या डोंगराचें शिखर उडवून तोच दगड विकत आणावयाचा, यास कोणता व्यवहार म्हणावें? आमची सारी चाकरी महसूल खात्यांत गेली. वाळूच्या उपशामुळें काठच्या विहिरी आटल्या, असें पंचनाम्यांतून आम्हीं कितीदां तरी लिहिलें. पण पंचनाम्यानें विहिरीस पाणी येत नाहीं.

हा दगड उपयोगी पडतो, हें केवळ अनुमान नव्हे. स्वित्झर्लंडमध्यें गोटहार्ड पर्वताखालून ५७ किलोमीटर लांबीचा रेल्वेचा बोगदा २०१६ सालीं खुला झाला. त्यांतून सुमारें २ कोटी ८२ लक्ष टन दगड निघाला, व त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा तोंडाशींच उभारलेल्या कारखान्यांत फोडून, धुऊन व चाळून त्याच बोगद्याच्या काँक्रीटास वापरला गेला. उरलेल्यांतील कांहीं दगड तेथील उरी सरोवरांत, रॉइस नदीच्या मुखाशीं घातला. तेथें पूर्वीं वाळूखडी उपसल्यानें काठ खचत चालला होता. तो उथळ करून त्यांनीं लहान बेटें तयार केलीं. उपशानें झालेली हानि बोगद्याच्या दगडानें भरून काढली, हें उदाहरण आपल्या नद्यांकडे पाहतां आम्हांस फार बोधप्रद वाटतें.

मग तिसराच हिस्सा कां, असें कोणी विचारील. त्यास दोन कारणें आहेत. एक, गरजच तेवढी असते. वरच्याच बोगद्यास हातभर जाडीचें काँक्रीटचें अस्तर दिलें तरी मीटरमागें फार तर १२ ते १५ घनमीटर काँक्रीट लागेल. त्यांत खडी व वाळू मिळून पाऊण हिस्सा. म्हणजे शंभरांतले दहा-अकराच घनमीटर तेथें जिरले. उरलेला दगड जवळचे पूल, भराव, रस्ते यांकडे गेला पाहिजे, व त्यासाठीं तीं कामें आधींच ठरलेलीं पाहिजेत. दुसरें कारण दगडाच्या जातीचें. आल्प्स पर्वतांतील कांहीं दगडांत अभ्रक फार; त्याच्या वाळूचें काँक्रीट पाणी अधिक मागतें. यंत्रानें कातरलेला दगड चपटा निघतो, तो फिरून फोडावा लागतो. आपल्या सह्याद्रींत अभ्रकाची अडचण नाहीं. घट्ट काळा पाषाण खडीस उत्तमच. पण त्याच्या थरांमध्यें पोकळ्यांचा मांजऱ्या खडक व लाल मातीचे थर येतात, हें विहीर खोदणारा प्रत्येक कुणबी जाणतो. मांजऱ्या पाणी पितो, लाल थर भिजून विरतो. शिवाय पोकळ्यांत भरलेल्या कांहीं जातींच्या गारेचा सिमेंटांतील क्षारांशीं संयोग होऊन ओलाव्यानें फुगणारा पदार्थ बनतो, व वर्षांनंतर काँक्रीटास तडे जातात. म्हणून परीक्षा केल्यावांचून सरसकट सारा दगड वापरा, असें आम्ही म्हणत नाहीं. सुरुंग उडाल्यावर त्याच पाळींत जात पाहून चांगला दगड एकीकडे व हलका दुसरीकडे टाकला पाहिजे. एकदां मिसळलेला ढीग पुन्हां निवडणें परवडत नाहीं, आणि तो सारा मग भरावाच्याच कामाचा उरतो.

इमारती दगड हें गौण खनिज आहे, व १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणें खनिजावर हक्क सरकारचा. बोगद्याच्या दगडास आणि नव्या खाणीच्या दगडास सारखेंच स्वामित्वधन ठेवलें, तर ठेकेदार सोयीची खाण धरील. आमच्या मतें बोगद्याच्या दगडावर आकार नाममात्र असावा, आणि कामाच्या टापूंत तसा दगड शिल्लक असतां नवी खाण मंजूर करूं नये. २०२५ सालीं राज्य शासनानें दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूचें धोरण आखलें आहे. त्या वाळूस पहिला कच्चा माल या ढिगांतूनच कां घेऊं नये?

ज्यांच्या शेतांत ढीग टाकण्यास जागा मागितली जाईल, त्या बंधूंस थोडें सांगणें आहे. ठोक रकमेच्या मोहानें कोऱ्या कागदावर सही करूं नये. मुदत, ढिगाची उंची व पावसाच्या पाण्याची वाट करारांत लिहून घ्यावी. वरची हातभर माती आधीं काढून वेगळी रचण्याचें व मुदतीअखेर ती परत पसरण्याचें कलम अवश्य घालावें. ढीग ओढ्याच्या पात्रांत सरकूं देऊं नये. सुरुंगाच्या दारूचा अंश व सिमेंटाचें पाणी त्यांतून झिरपतें, म्हणून विहिरीपासूनही तो दूर असावा. हद्दीच्या खुणा व सरकारी मोजणी ढीग पडण्यापूर्वींच करून ठेवावी, आणि नकाशाची एक प्रत घरांत, एक गांवच्या सोसायटींत ठेवावी.