नकाराचा हक्क आणि ‘लेखकाचा मृत्यू’

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांना ग्रंथ पुरवावेत काय, आणि पुरवल्यास कोणत्या अटींवर, हा प्रश्न निघाला की रोलां बार्थला साक्षीला बोलावण्याचा मोह समीक्षेला होतो. लेखक १९६८ सालीच मेला. मग मृताला मोबदला कसला? या युक्तिवादात चातुर्य आहे, वाचन नाही. बार्थने लेखकाला पदच्युत केले ते अर्थाचा अंतिम अधिकारी म्हणून. करारावर सही करणारा माणूस हा त्याचा विषय नव्हता. पुढल्याच वर्षी फूकोने ‘लेखक’ या संकल्पनेचे मालमत्तेशी आणि शिक्षेशी असलेले नाते उलगडून दाखवले, याचा मात्र सोयीस्कर विसर पडतो. वाचकाला मिळालेले स्वातंत्र्य परस्पर कंपनीच्या सातबारावर चढवण्याचाच हा प्रकार आहे.

जयगडपासून जवळच असलेल्या मालगुंडचे केशवसुत १९०५ साली गेले. त्यांची कविता ग्रंथरूपाने आली ती त्यांच्या पश्चात. तिच्यावर आज कोणाचा मालकी हक्क नाही. ती कोणत्याही यंत्राने खुशाल वाचावी. जयगडच्या खाडीवर भांग, उधाण, मतलई हे शब्द वापरणाऱ्यांनीही त्यांवर कधी हक्क सांगितलेला नाही. परंतु भाषा सामायिक म्हणून तिच्यातून घडलेली कृतीही सामायिक, हे अनुमान टिकत नाही. ‘गारंबीचा बापू’तील बोली दापोली परिसराची, कादंबरी श्री. ना. पेंडशांची. ते २००७ साली निवर्तले, आणि १९५७ च्या कायद्याने तिच्यावरील स्वामित्वहक्क २०६७ अखेरपर्यंत अबाधित आहे.

हार्परकॉलिन्सने २०२४ मध्ये काही लेखकांपुढे पुस्तकामागे २५०० डॉलर आणि तीन वर्षांची मुदत असा प्रस्ताव ठेवला. रक्कम अनेकांना अपमानास्पद वाटली, पण तेथे लेखकाला विचारले तरी गेले, आणि नाकारणाऱ्यांना नाकारता आले. २०२५ मध्ये अँथ्रॉपिकने चोरट्या ग्रंथसंग्रहांवरून झालेल्या दाव्यात दीड अब्ज डॉलरची तडजोड केली; पुस्तकामागे सुमारे ३००० डॉलर. मात्र त्यासाठी अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयात पुस्तकाची नोंद हवी. मराठी पुस्तकांपैकी किती या उंबरठ्यापर्यंत पोचतील, हे सांगण्यास संशोधनाची गरज नाही.

खरा पेच घरातलाच आहे. भारतीय कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना अस्तित्वातच नसलेल्या माध्यमापर्यंत तो करार पोचत नाही, जोवर त्यात तसा स्पष्ट उल्लेख नाही. म्हणजे शब्दावर चाललेल्या मराठी ग्रंथव्यवहारात ‘पुस्तक आमचे आहे’ म्हणणाऱ्या प्रकाशकाला हा परवाना विकण्याचा अधिकार बहुधा नसतोच. (ज्या लेखकाकडे स्वतःच्या कराराची प्रत नाही, त्याने हे वाक्य दोनदा वाचावे.)

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने प्रसिद्ध केलेल्या कार्यपत्रात सक्तीचा सरसकट परवाना सुचवला आहे: कंपन्यांनी वापर करावा, स्वामित्वधन एका मध्यवर्ती संस्थेकडे भरावे. लेखकाला नकाराचा पर्याय नाही. लहान भाषांना यातून निदान काही पैसा मिळेल, हे समर्थन पोकळ नाही. मात्र वाटणीच्या वेळी हक्कदार कोण हे कागदावरूनच ठरणार, आणि तो कागद मराठीत फारसा नाही. साहित्य महामंडळाने आणि प्रकाशकांच्या संघटनांनी नमुना करार आधी तयार करावा, त्यात प्रशिक्षणाच्या परवान्याचे कलम वेगळे ठेवावे, आणि त्याखाली ‘देत नाही’ असे लिहिण्याची जागाही सोडावी.