उंच गाडी, खोल चाकोरी

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमच्या भाचेरावांची ओळख नव्याने करून द्यायला नको. जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या अलीकडे, त्यांची चार एकर बागायत आहे. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचे भाव आभाळाला टेकले आणि नारायणगावच्या बाजारात वीस किलोचे क्रेट दोन हजारांवर गेले, तेव्हा सुदैवाने भाचेरावांचा तोडा चालू होता. त्या पैशांतून त्यांनी बहिणीचे लग्न, विहिरीवरची मोटार आणि एक जुनी पिकअप अशी तीन कामे उरकली. गाडी चांगली होती. पण चांगल्या गोष्टीला हात लावल्याशिवाय राहील तो आमचा भाचा कसला!

२०२५ च्या भाऊबीजेला मी आक्काकडे गेलो. अंगणात एक पिकअप उभी होती, ती मी आधी ओळखलीच नाही. बैल पुढचे पाय टेकाडावर देऊन उभा राहावा तशी ती छाती काढून उभी! चाके जाडजूड, हौदा माझ्या छातीला लागणारा.

“मामा, गाडी उचलून घेतली!” भाचेराव पायरीवरूनच ओरडले. “मागं आसावर चार इंचाचे ठोकळे टाकले, पुढच्या पाट्यांत जादा पान भरलं, आणि टायर एक नंबर मोठे!”

“अरे, पण कशासाठी?”

“पाणंदीत गोळा घासतो ना!”

आता हे गाऱ्हाणे काही खोटे नव्हे. ज्यांनी आंबेगाव-जुन्नरच्या पाणंदी पावसाळ्यात पाहिल्या आहेत त्यांना ते पटेल. उसाच्या ट्रॉल्यांनी दोन्ही बाजूंना हातभर खोल चाकोऱ्या पडतात, मध्ये मातीचा उंचवटा राहतो, आणि मागच्या आसाच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा नेमका त्या उंचवट्यावर बसतो. मग चाके गरागरा फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. शेजारी ट्रॅक्टर घेऊन येतो आणि दोर बांधता बांधता चार शब्द ऐकवतो. ते शब्द गोळ्यापेक्षा जास्त घासतात!

जेवणाला अवकाश होता. मी आक्काच्या शिलाईच्या पेटीतली टेप घेतली आणि आम्ही मामा-भाचे गाडीखाली उताणे पडलो. शेजाऱ्याची त्याच बनावटीची, पण न उचललेली गाडी पलीकडे उभी होती. तिच्याही गोळ्याखाली माप घेतले. हौदा चार इंचांहून जास्त उंच झाला होता. गोळा मात्र जमिनीपासून किती उचलला गेला होता म्हणता? अर्ध्या इंचाहून किंचित जास्त!

भाचेरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण यात जादू काही नाही. गोळा आसाबरोबर असतो आणि आस चाकावर टेकलेला असतो. पाटे आणि ठोकळे हे आसाच्या वर बसतात. तिथे चार इंच घाला नाहीतर चाळीस घाला, वर जाईल तो हौदा, गोळा तसूभरही हलणार नाही. गोळा उचलतो तो फक्त टायर, आणि तोही जेवढा वाढला त्याच्या निम्माच. भाचेरावांचा आधीचा टायर २१५/७५ आर १५, म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या पाऊणपट आणि रिम पंधरा इंची. त्याचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर भरतो. नवा २३५/७५ आर १५, त्याचा व्यास सुमारे ७३३. फरक तीस मिलिमीटरचा. त्यातले पंधरा आसाच्या वर गेले, पंधरा खाली आले. झाला हिशेब!

“पण मामा, आजोबांच्या बैलगाडीचं चाक केवढं होतं! ते काय वेडे होते?”

प्रश्न बिनतोड वाटला तरी उत्तर होते. मोठे चाक खड्ड्यातून सुखाने निघते हे खरे. पण बैल चालायचे ताशी दोन-तीन मैल, आणि गाडीवान ओझे आसावर तोलून भरायचा. पुढे रबरी धावांची गाडी आली. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, आणि त्याचे नाव आपल्याकडे थेट बैलगाडीला चिकटले. डनलॉपच्या गाडीचे चाक लहान, गाडी बुटकी, तरी ओझे जास्त. आजोबांनीच ती हौसेने घेतली होती, हे भाचेराव सोयीस्करपणे विसरले होते.

खरी भीती निराळीच आहे. गाडी कलंडते केव्हा, तर तिच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली ओळंब्याची दोरी चाकाच्या बाहेर पडते तेव्हा. समजा, मध्यापासून चाकापर्यंत २८ इंच अंतर आहे आणि भरल्या गाडीचा गुरुत्वमध्य ३० इंचांवर आहे. अशी गाडी सुमारे ४३ अंश कलल्यावर उलटेल. तोच मध्य ३५ इंचांवर नेला की ३९ अंशांतच काम आटोपते. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात पाटे एका बाजूला दबतात, क्रेट सरकतात, वळणावर वेग असतो. म्हणजे तेवढेही हाती राहत नाहीत.

शिवाय बारीकसारीक उपद्रव आहेतच. काँटा साठ दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टने धावत असते. चढाला ओढ कमी पडते. प्रोपेलर शाफ्ट तिरका झाल्याने त्याचे क्रॉस लवकर जातात. काही पिकअपना तर मागच्या ब्रेकचा जोर ओझ्याप्रमाणे कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. आसापासून चासी किती दबली यावरून तो ओझे ओळखतो. ठोकळे घालून चासी वर नेली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते, आणि मागचा ब्रेक हात आखडता घेतो. आणि हे सारे माळशेज घाटाच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाने करायचे!

कायद्याचेही ऐका. आरसी बुकात कारखान्याने दिलेले जे वर्णन आहे त्याच्याशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठरवले. भाचेरावांनी मनातल्या मनात ठोकळे, पाने, टायर असे मोजले आणि ते गप्प झाले.

इतका वेळ आक्का ओवाळणीचे तबक घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, “दंडाचं काय सांगतोस? श्रावणातलं सांगायला लाव त्याला.”

मग कळले. श्रावणात टोमॅटोचे क्रेट भरून, वर खुरपणीच्या सहा बायका बसवून भाचेराव पाणंदीने निघाले होते. त्याच श्रावणात खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप चढावर मागे येऊन कोसळली होती आणि कित्येक घरांतल्या लेकीसुना गेल्या होत्या. ती गाडी उचललेली होती असे मी म्हणत नाही. माल वाहायच्या गाडीत माणसे आणि पुढे चढ, एवढे पुरे झाले. आक्काच्या कानी ती बातमी ताजी होती. तिने ओढ्याच्या अलीकडे हट्टाने बायकांना खाली उतरवले. पन्नास पावलांवर डावे चाक चाकोरीत गेले, गाडी कलली आणि बांधावरच्या बाभळीला टेकून राहिली. बाभूळ होती म्हणून गाडी राहिली. बायका उतरल्या होत्या म्हणून आम्ही भाऊबीज करीत होतो.

त्या दिवशी ओवाळून घेताना भाचेराव मान वर करीनात.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. ठोकळे निघाले. बसकी झालेली पाने बदलून पाटे कारखान्याच्या मापावर आले. टायर मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे घेतले. पाणंदीसाठी सहा खातेदारांनी एकत्र बसून २०२१ साली आलेल्या सरकारच्या मातोश्री पाणंद रस्ते योजनेत अर्ज केला, आणि तोवर वर्गणी काढून मुरूम टाकला. सगळ्यांत मोठे काम फावड्याचे निघाले. वरच्या बांधाचे पाणी पाणंदीतून वाहत होते, त्याला बाजूने चर काढून दिला. चाकोरी ट्रॉलीने पडते, पण तिला खोल करते ते पाणी! आता गोळा घासत नाही. मजूर बायका मात्र प्रवासी गाडीने येतात. भाडे भाचेराव देतात, कुरकुरत का होईना.

राहिले ते लोखंडी ठोकळे. ते आक्काने न्हाणीघरात पाण्याच्या पिंपाखाली घातले आहेत. पिंप चार इंच उंच झाले असून तांब्या भरताना आता वाकावे लागत नाही. उचलायची तर अशी वस्तू उचलावी, असे तिचे म्हणणे आहे.