घर आपलें, कागद कोणाचा?

केडगांव एके काळीं नगरच्या वेशीबाहेरचें, पुण्याच्या वाटेवरचें खेडें होतें. नवरात्रांत रेणुकामातेच्या दर्शनास जावें, एवढाच पुष्कळ नगरकरांचा त्याच्याशीं घरोबा. आज तें 2003 सालीं स्थापन झालेल्या महानगरपालिकेच्या हद्दींत असून शेतांच्या जागीं घरांच्या रांगा उभ्या आहेत. जमिनीचें रूप पालटलें. तिचा कागदही पालटला काय, हें घर घेणारे गृहस्थ क्वचितच विचारतात.

शहरालगतचीं शेतें गुंठ्यागुंठ्यानें विकण्याचा प्रघात महाराष्ट्रांत सर्वत्र पडला. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. पगारदाराच्या शिलकींत तेवढेंच बसतें. परंतु शेताचे असे बारीक तुकडे पाडण्यास 1947 च्या कायद्यानें मनाई केली होती. त्यामुळें पैसे दिले, भिंती उठल्या, तरी सातबाऱ्यावर मूळ शेतकऱ्याचेंच नांव राहिलें, किंवा अनेक नांवें सामाईक चढलीं, अशीं उदाहरणें थोडीं नाहींत. अशा घरावर कर्ज मागावयास गेलें, कीं बँक हात आखडते. सरकारनें 2001 सालीं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला व 2021 सालीं 31 डिसेंबर 2020 पर्यंतचीं प्रकरणें त्यांत घेतलीं. मात्र त्यासाठीं अर्ज व शुल्क लागतें. घर जुनें झालें म्हणून तें आपोआप नियमित होत नाहीं.

सर्वांत मोठा भ्रम घरपट्टीच्या पावतीचा. ती कर भरल्याची खूण आहे, मालकीची नव्हे. नोंदलेलें खरेदीखत, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिनशेतीचा आदेश आणि जागा विकास योजनेंत निवासी पट्ट्यांत आहे, रस्त्यासाठीं वा बागेसाठीं राखलेली नाहीं, असा नगररचना खात्याचा दाखला, एवढें पाहिल्यावांचून बयाणा देऊं नये. दागिना घेतांना सोनें कसाला लावून पाहणारीं आमचीं घरें जन्माची पुंजी ओततांना दलालाच्या शब्दावर कशीं विसंबतात, याचा आम्हांस अचंबा वाटतो.

दुसरी हयगय वारसनोंदीची. घरचा कर्ता गेल्यावर ती लांबणीवर पडते, आणि झालीच तर लग्न झालेल्या मुलीचें नांव पुष्कळदां गाळलें जातें. वास्तविक मृत्युपत्र नसल्यास बापाच्या स्वकष्टार्जित घरांत ती 1956 पासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतींतही 2005 च्या दुरुस्तीनें तिला मुलाइतकाच हक्क मिळाला. सातबाऱ्यावरील फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. सासरीं असलेल्या लेकीला ती नोटीस माहेरच्यांनीं वेळेवर दाखविली पाहिजे.